तीन आवाजांचे भावोजी

माझे धाकटे दीर शिलाई मशीन दुरुस्त करतात. दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली. आत शिरताना पाय पुसावे लागतात आणि पोटही आत घ्यावं लागतं. भावोजींनी लग्न केलं नाही, हाताखाली माणूस ठेवला नाही, पण फोनवर या दुकानात तिघे कामाला आहेत. फोन उचलतो तो कारकून. त्याचा आवाज नाकातून येतो आणि तो सगळ्यांना "आपण" म्हणतो. मशीन अजून का झालं नाही असं विचारलं की कारागीर येतो आणि "मी काय म्हणतो ताई" अशी सुरुवात करून पट्ट्यापासून शटलपर्यंत सगळं ऐकवतो. गिऱ्हाईक फारच तापलं तर घसा खाकरून साहेब येतात. साहेब स्वतःला "आम्ही" म्हणतात. "आम्ही कारागिराला समज देतो," म्हणतात आणि रिसीव्हर जरा लांब धरून खरोखरच देतात. कारागीर पडेल आवाजात चुकलं म्हणतो. गिऱ्हाईक निवतं.

आम्हा घरच्यांना यात काही वावगं वाटत नव्हतं. देवाला हजार नावं असतात, भावोजींना तीन आवाज. कोणाचं काय अडलं?

यंदा नणंदेची मुलगी शिकायला आमच्याकडे राहिली आणि अडलं. तिचा विषय मानसशास्त्र. परीक्षेसाठी एका माणसाचा नीट अभ्यास करून लिहायचं होतं. दुसरं कोणी तावडीत सापडेना, म्हणून तिनं धाकट्या मामाला धरलं. आठवडाभर त्याच्या दुकानात स्टुलावर बसली आणि एका संध्याकाळी आम्हाला वाचून दाखवलं, की रुग्णाला बहुव्यक्तिमत्त्व विकार असून त्याच्यात तीन स्वतंत्र व्यक्ती राहतात. एकीचं दुसरीला काही आठवत नाही. त्यांतली एक स्वतःचा उल्लेख बहुवचनात करते आणि दुसरीचा छळ करते. आमच्या यांना ठसका लागला. मी म्हटलं, अगं, तुझे मोठे मामा बाहेरून आले की "आम्ही जेवून आलोय" म्हणतात, तेव्हा मी किती पानं कमी मांडायची? ती म्हणाली, मामी, शास्त्रात असं चालत नाही.

भावोजींना कळलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, की म्हणजे मी वेडा का? वेडा नाही मामा, विभागलेला, असं ती म्हणाली. त्यावर ते बराच वेळ मशीनला तेल देत बसले.

लिखाण देऊन झालं आणि तिच्या मॅडमनी निरोप धाडला की गुण देण्याआधी त्या माणसाला भेटायचं आहे. पोरीचं तोंड उतरलं. मागच्या वर्षी ती याच विषयात नापास झालेली. पुन्हा तसंच झालं तर बाप परत बोलावून घेणार आणि शिक्षण संपणार, हे त्यानं इथे सोडतानाच सुनावलं होतं. ती माजघरात रडत बसली, तेव्हा भावोजी दारात उभे राहून म्हणाले, रडू नकोस, मी होतो आजारी.

मी त्यांना बाजूला घेतलं. खोट्यानं कोणाचं भलं होत नाही, म्हटलं.

"वहिनी, खोटं कुठे? तिघंही माझेच आहेत."

मी देवघरात गेले. देवासमोर बसून एवढंच मागितलं, की पोरीचं वर्ष वाचव आणि जमल्यास खोट्याशिवाय वाचव.

मॅडम आल्या त्या दिवशी चहा घेऊन मीही गेले. चारजण मावेनात, म्हणून मी एक पाय उंबऱ्याबाहेर ठेवून उभी. मॅडम शांत बाई होत्या. त्यांनी आधी कारकुनाला बोलावलं. भावोजी नाकात बोलू लागले. मॅडम हळूच म्हणाल्या, तुमचे साहेब जरा तापटच दिसतात. मग साहेबांना बोलावून विचारलं, मी कारकुनाला आत्ता काय म्हटलं? साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि आम्हाला कल्पना नाही, असं सांगितलं. भाचीनं माझा हात दाबला. एकाचं दुसऱ्याला आठवत नाही, हे तिनं लिहिलेलं खरं ठरत होतं.

मॅडमनी चहाचा घोट घेतला. समोर एक जुनं मशीन होतं, त्याचं चाक त्यांनी हातानं फिरवून पाहिलं आणि म्हणाल्या, "साहेब, तुमच्या कारागिराच्या हातात काही दम नाही. टाके सुटताहेत. काढून टाका त्याला."

फोनवर साहेब असल्या तक्रारी रोज मान्य करत. इथे मात्र त्यांचं तोंड उघडलं ते मिटेना.

"आपण... आम्ही... मी काय म्हणतो बाई, हे मशीन आज सकाळी आलंय. मी अजून उघडलंसुद्धा नाही. उघडायच्या आधी माझ्या हाताला बोल लावू नका."

"आता कोण बोललं?"

भावोजींनी भाचीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मीच."

"मी साहेबांशी बोलत होते. तुम्हाला कसं ऐकू आलं?"

"एवढ्याशा खोलीत कोणाला ऐकू येणार नाही, बाई?"

मॅडम हसल्या. चहा सांडेपर्यंत हसल्या. मग भाचीकडे वळल्या आणि त्यांनी तिला एकच विचारलं, की आठवडाभर इथे बसलीस, मामाला एकदा तरी विचारलंस का, मामा, हे कशासाठी करतोस? भाची म्हणाली, विचारलं तर माणूस बदलून वागतो, असं पुस्तकात आहे. मॅडम म्हणाल्या, न विचारता माणूस तुझ्या मनासारखा वागतो, तेही पुस्तकात आहे, पुढच्या पानावर. आपलं लिखाण कुठे चुकलं ते तूच तपासून लिहून आण, गुण त्यावर देईन.

मॅडम गेल्यावर भाचीनं स्टूल पुढे ओढलं आणि विचारलं. भावोजींनी फडक्याला हात पुसले. मग म्हणाले, आधी गिऱ्हाइकासाठी केलं. एकट्या माणसाकडे मशीन टाकायला लोक कचरतात. पण दुपारी फोनही वाजत नाही, चिटपाखरू फिरकत नाही.

"तेव्हा साहेब येऊन बसतात थोडा वेळ. तेवढंच बोलणं होतं."

तिनं ते जसंच्या तसं लिहिलं. वर हेही लिहिलं, की अभ्यास करणारी रुग्णाची सख्खी भाची होती आणि रुग्ण तिच्यासाठी आजारी पडायला तयार होता, म्हणून या निष्कर्षावर विश्वास ठेवू नये. जेमतेम पास झाली, पण झाली. बापाला मीच कळवलं, देवाला तिनं.

आता ती दुपारी पुस्तकं घेऊन दुकानातच बसते. परवा एका गिऱ्हाइकानं मला रस्त्यात थांबवून विचारलं, हल्ली साहेब फोनवर येत नाहीत, त्यांची बदली झाली का?