माळाखालची खुर्ची

अण्णांच्या माळावर कधी गाडी गेली नव्हती. पहिली गेली ती माझी, आणि तीही त्यांच्याच अंत्यविधीला.

अण्णा म्हणजे माझ्या बायकोचे थोरले भाऊ, गाव शेवगावच्या अलीकडे. पहाटे फोन आला आणि आम्ही नगरहून निघालो. स्मशानभूमी माळाच्या पलीकडच्या अंगाला. शेजारी बायको रडत ‘लवकर चला’ म्हणत होती, तेव्हा मी शहाण्यानं वळसा टाळून सरळ गवतात गाडी घातली. आदल्या दिवशीच्या पावसानं माळ भिजलेला... मधोमध चाकं रुतली. अण्णांना खांदा द्यायला आलेल्यांनी आधी माझ्या गाडीला खांदा दिला.

त्या माळावर गावानं चर खणलेत. पाऊस तिथं मुरतो म्हणून खालच्या विहिरींना उन्हाळ्यातही पाणी असतं. हे कळल्यावर रविवारी शहरातून कुटुंबंच्या कुटुंबं माळ बघायला यायला लागली. गावातले काही म्हणाले, कुंपण घाला, लोकच नकोत. अण्णांना ते पटेना. “लोकांनी बघितलाच न्हाई, तर उद्या मुरमासाठी कुनी माळ खोदला तर वरडनार कोन?” मग त्यांनी पायथ्याच्या लिंबाखाली प्लास्टिकची खुर्ची टाकली. येईल त्याला विहिरीचं पाणी पाजायचं, गाडी तिथंच लावायला सांगायची आणि पायवाटेनं वर धाडायचं. चाकाखाली जमीन दबली की पाणी मुरायचं थांबतं, हे प्रत्येकाला नव्यानं सांगायचं. एक जण म्हणाला, “काका, आमची गाडी अगदी हलकी आहे.” अण्णा म्हणाले, “गाडी हलकी हाय वो, पर तुमच्या मागं लाइन लागती ती लई जड.”

कुणी हसून उतरायचं, कुणी शिव्या देऊन. वर्षानुवर्षं हेच. शेवटी शेवटी आवाज बसायचा, पाय सुजायचे. दिवाळीत मला म्हणाले, “दाजी, एखाद्या रविवारी दुसरं कुनी बसलं तर झोपीन म्हन्तो.”

“मी बसलो असतो, पण मला कोण घाबरतंय?”

“व्हय, घरात तरी कुठं कोन घाबरतंय!” म्हणाले, आणि खोकेपर्यंत हसले.

गेल्या रविवारी पुन्हा गेलो. अण्णांना जाऊन महिना होऊन गेलाय. खुर्ची लिंबाखालीच होती, तुटक्या हाताला त्यांनीच गुंडाळलेली तार तशीच. वर मात्र तीन गाड्या उभ्या. कुणी अडवलं नाही म्हणून गेल्या असतील, असं मी म्हणणार होतो... पण गवतातून वर गेलेले दोन पट्टे माझ्याच चाकांचे होते. त्यांवरूनच त्या गेल्या होत्या. लांबून आणखी एक गाडी वळताना दिसली.

बायकोनं वर बघितलं. मग तिनं पदरानं खुर्ची पुसली.

“तुम्हाला कुणी घाबरत नाही, माहितेय मला,” ती म्हणाली. “तरी बसा. मी विहिरीवरून पाणी आणते.”