प्राजक्ताचा काढा आणि पाच फेऱ्या

आमच्या मानपाड्याच्या सोसायटीत गेटजवळ एक प्राजक्त आहे. त्याची फुलं सेक्रेटरीच्या पांढऱ्या गाडीवर पडायची, देठांचे केशरी डाग उठायचे. एवढ्यावरून हा माणूस झाड उडवायला निघालेला! "फांद्या छाटतोय फक्त," म्हणे. बुंध्यापासून छाटणार होता मेला. माझ्या देवाला रोज त्याच फुलांची ओंजळ जाते, आणि त्याच झाडाकडे बघत मी खिडकीत चहा पिते. माझं डोकंच फिरलं.

मीटिंगमध्ये त्याच्यापुढे कोणी तोंड उघडत नाही. म्हणून मी त्याच्या बायकोला गाठलं. तिचे गुडघे दुखायचे. म्हटलं, "अगं, प्राजक्ताच्या पानांचा काढा घे. चार पानं, दोन ग्लास पाणी, आटवून एक करायचं. मी रोज घेते, बघ कशी तुरुतुरु चालते!"

सांधेदुखीवर हा काढा घेतात हे खरं. पण मी रोज घेते ही शुद्ध थाप. जन्मात एकदा घोटभर घेतला होता, तोही बेसिनमध्ये थुंकला. वर एक पथ्य माझ्या पदरचं घातलं, "पानं आपल्याच हाताने तोडायची, आणि आधी झाडाला पाच फेऱ्या मारायच्या." रोज झाडापाशी आली की तिचा जीव जडेल, नवऱ्याला ती अडवेल, एवढाच माझा डाव.

ती येऊ लागली. आंघोळ करून, अनवाणी. हे अनवाणी तिचं स्वतःचं हं! आठवड्याभरात बी विंगमधल्या दोघी तिच्या मागे फिरू लागल्या, कसला नवस ते न विचारताच. कोणी बुंध्याला हळदकुंकू लावलं, कोणी सूत गुंडाळलं, उदबत्ती लागली. खिडकीत हसता हसता मला चहाचा ठसका लागला.

रविवारी झाडं तोडणारा माणूस कोयता घेऊन आला. त्याने कुंकू बघितलं, चपला काढल्या, हात जोडले. "साहेब, देवाच्या झाडाला मी हात नाय लावणार." सेक्रेटरीने बायकोकडे पाहिलं. तिची तिसरी फेरी चालू होती. आता गाडी मागच्या बाजूला लागते.

दोन दिवस मी जाम खुशीत होते. तिसऱ्या दिवशी जिन्यात माझाच गुडघा लचकला, आणि सेक्रेटरीच्या बायकोने मला लंगडताना पाहिलं. लगेच पुढच्या सकाळी सातला बेल वाजली. दारात ती, हातात वाफाळता ग्लास.

"काकू, तुमचा आजचा काढा मीच केला. पाच फेऱ्या तुमच्या नावाच्याही मारल्या."

ग्लास रिकामा होईपर्यंत बाई जागची हलेना. आई गं, काय ते कडू जहर!

महिना झाला. गुडघा कधीच बरा झालाय, पण सातची बेल काही चुकत नाही. नको म्हणावं तर थाप उघडी पडते, आणि माझी थाप उघडी पडली की झाडाचं देवपणही गेलं. बाहेर फुलांचा सडा पडलेला असतो. मी नाक दाबते आणि पिते.