ग्लेनिस ट्रँटर ऑडलेमची चढण चढते

ग्लेनिस ट्रँटर पहिल्यांदा पळाली तेव्हा तिच्या अंगात मेलेल्या नवऱ्याचा सदरा होता आणि पायात बागकामाचे बूट. आम्ही आपापल्या बोटींच्या खिडक्यांतून बघत होतो. आमच्या कालव्यावर कुणी पळताना दिसलं की आधी पाण्याकडं बघायचं. बहुतेक वेळा त्याच्या बोटीची दोरी सुटलेली असते आणि बोट एकटीच पुढं निघालेली असते. ग्लेनिसची 'एथेल मे' तर दोन्ही खुंट्यांना घट्ट बांधलेली होती. म्हणजे बाई नुसतीच पळत होती.

माझ्या बायकोनं, ऑड्रीनं, खिडकीतून डोकं काढलं. "कोण लागलंय गं मागं?"

"बेव्ह लागलीया," ग्लेनिस म्हणाली. "आन् थांबवू नगंस. थांबले तर पुन्यांदा सुरू व्हायची न्हाई."

बेव्ह म्हणजे तिची लेक. वुल्व्हरहॅम्प्टनला बसच्या कचेरीत आहे.

ग्लेनिसचं अर्धं आयुष्य बिल्स्टनच्या एका शाळेच्या मुदपाकखान्यात गेलं. दोन पोरांना एका वेळी काखेत धरील असे तिचे दंड. पेन्शन लागल्यावर तिनं आणि नवऱ्यानं, क्लिफनं, घर विकलं, ही बोट घेतली आणि पाण्यावर राहायला आले. क्लिफ सुकाणू धरायचा, ही लॉकं, म्हणजे बोट वर-खाली करणारे पाण्याचे कप्पे, चालवायची. क्लिफ गेला आणि दोन्ही कामं हिच्या अंगावर पडली. त्यातून दोघांचा स्वयंपाक करायची सवय काही सुटली नाही, आणि अन्न टाकायची सवय तर तिला कधी नव्हतीच. क्लिफच्या वाटचं बेकन, क्लिफच्या वाटचे भाजलेले बटाटे, रविवारी क्लिफच्या वाटचं कस्टर्ड, सगळं हिच्याच पोटात. दोन वर्षांत बोटीच्या मागच्या दारातून ती आडवी होऊन बाहेर यायला लागली.

मग मागच्या पानगळीत ऑडलेमला ती बसली.

ऑडलेमला कालवा डोंगर चढतो. एकापाठोपाठ एक लॉकं आहेत, जिन्याच्या पायऱ्यांसारखी. बोट आत घ्यायची, मागचं दार लावायचं, बरोबर आणलेलं हँडल फिरवून झडप उघडायची, पाणी भरलं की बोट वर. पुढचं दार उघडायचं आणि पुन्हा तेच. एकट्या माणसाला प्रत्येक लॉकला निसरडी शिडी चढून वर यावं लागतं. ग्लेनिस अर्ध्या वाटेत, दार ढकलायच्या लांब लाकडी दांड्यावर बसली ती उठेचना. ओठ निळे पडलेले. तिची धाप मला खालच्या लॉकपाशी ऐकू येत होती, लोहाराच्या भात्यासारखी. तिची बोट मीच वर नेली.

कुणीतरी बेव्हला कळवलं. आमच्यात कुणीतरी कळवतंच. बेव्ह आली ती ठरवूनच आली. आमच्या देखतच तिनं सांगितलं, "माझ्या गल्लीत म्हाताऱ्या माणसांसाठी फ्लॅट आहेत. तळमजल्याचा एक उन्हाळ्यात रिकामा होतोय. मी तुझं नाव घातलंय."

"माझं नाव काढ."

"तुला रात्री काही झालं तर कळायला मला दुसऱ्या दिवशीची दुपार उजाडेल, आई. बाबांच्या वेळी तू तरी होतीस."

ग्लेनिस किटलीकडं वळली. चहाच्या किटलीवरचं लोकरीचं टोपरं काढून परत घातलं तिनं. मग त्या दोघींचा करार ठरला. उन्हाळा लागताना बेव्ह येणार. ग्लेनिसनं ऑडलेमची सगळी लॉकं एकटीनं चढायची. बेव्ह बोटीवर बसेल, कशालाही हात लावणार नाही.

"मध्येच कुठं बसलीस तर बोट विकायची," बेव्ह म्हणाली.

"आन् न्हाई बसले तर?"

"तर मी फ्लॅटचा विषय पुन्हा काढणार नाही."

म्हणून ते पळणं.

त्या हिवाळ्यात आमच्या बोटी मार्केट ड्रेटनच्या खाली ओळीनं बांधलेल्या होत्या. ग्लेनिस सकाळी निघायची आणि काठाच्या वाटेनं या ओळीच्या टोकापर्यंत पळत जायची. आता हिवाळ्यात बोटीत बसलेल्या माणसाला सकाळभर काम काय असतं? शेगडीत कोळसा घालायचा आणि कोण जातंय ते बघायचं. पहिल्या बोटीवरचा हॅडली दार उघडून म्हणायचा, "ये की, किटली तापलीय." त्याला नाही म्हणायचं तर पुढं वर्षभर त्याच्या शेजारी बोट लावायची कुठल्या तोंडानं? ग्लेनिस आत जायची. चहा, आल्याची वडी. तिथून निघाली की पुढच्या बोटीवर लोण्यात परतलेला ओटकेक. आमच्याकडं यायची तेव्हा ऑड्रीनं फळांचा केक कापूनच ठेवलेला असायचा. सगळ्यांना वाटायचं, बाई एवढी मेहनत करतीय, तिच्या पोटात काही नको का?

दवाखान्यातल्या नर्सनं वजन केलं. आकडा वर गेलेला. नर्सनं काटा झटकून पुन्हा उभं केलं. तरी तोच.

"पळून जाड झालेलं माणूस मी पहिलंच बघतेय," नर्स म्हणाली.

"मी पळतच न्हवते," ग्लेनिसनं आम्हाला येऊन सांगितलं. "मी पाव्हणी म्हणून हिंडत हुते. जळ्ळं तुमचं प्रेम."

तिनं बोट उठवली आणि वुडसीव्ह्‌जच्या खडकात नेऊन बांधली. तिथं दोन्ही बाजूंनी उंच कातळ, वरून झाडं, दिवसाही अंधार आणि काठाची वाट म्हणजे चिखलाचं ताट. तिथं कुणी बोट लावत नाही. ग्लेनिसनं लावली. वाटेवर नगरपालिकेनं ठेवलेल्या एका बाकापर्यंत पळायची म्हणे, आणि परत. परत यायला लागायचं हेच तर एकट्या माणसाचं दुखणं. जोडीतला एकजण पळत निघतो, दुसरा बोट घेऊन मागून येतो, आणि पुढच्या पुलापाशी घर आपणहून पळणाऱ्याच्या पायाशी येतं. ग्लेनिसचं घर जिथं सोडलं तिथंच राहायचं. चिखलात तिचा बूट रुतून बसला आणि ती एका पायानं घरी आली, त्या दिवशी मी म्हणालो, "मी धरतो तुझं सुकाणू. तू पुढं पळ आन् लॉकं तयार कर. ऑड्री आमची बोट घेऊन मागनं येतीया."

"ऑडलेमचा तो दिस सोडला तर क्लिफनंतर ह्याला दुसऱ्याचा हात लागल्याला न्हाई."

"हात धुऊन येतो."

मग तिनं फडकं घेऊन सुकाणूची पितळी दांडी उगाचच पुसली आणि बाजूला झाली. "काठाला घासलीस तर तुझ्या बोटीचा रंग खरवडून काढीन."

मार्चमध्ये आम्ही अशी ॲडर्लीची लॉकं उतरायला निघालो. ग्लेनिस हँडल कमरेला खोचून पुढं पळाली. उतरणाऱ्या बोटीला लॉक पाण्यानं भरलेलं लागतं, चढणाऱ्या बोटीला रिकामं. पहिलं लॉक रिकामं होतं. ग्लेनिसनं मान खाली घालून, घाम पुसत, सगळ्या झडपा उघडून ते भरून टाकलं. भरतंय न भरतंय तोच खालच्या पुलाखालून एका जुन्या मालवाहू बोटीचं नाक बाहेर आलं. सुकाणूवर रेग हॉल्डन. हा माणूस कोळशाच्या बोटीत जन्मला, आणि त्याला खुशीत बघितलेलं कुणी अजून भेटलेलं नाही.

लॉक ज्याच्या बाजूनं तयार असेल त्याचं, आणि समोरून कुणी येत असेल तर त्याच्या तोंडचं पाणी पळवायचं नाही. आमच्याकडं याला कायदा लागत नाही. शेजाऱ्याची कोंबडी चोरणाऱ्याला जसं बघतात तसं लॉक पळवणाऱ्याला बघतात.

रेगनं इंजिन बंद केलं, म्हणजे आपलं बोलणं सगळ्यांना नीट ऐकू जावं.

"ए बये, ते लॉक माझं हुतं."

"मला दिसला न्हाईस, रेग."

"बघितलंस का? पुलापलीकडं जाऊन बघायला पाय न्हाईत व्हय तुला?"

"पळतेच हाय की मी."

"मग आजून थोडं पळ."

तो पुढचा अर्धा तास काठाला बोट धरून उभा राहिला आणि पूर्ण वेळ आमच्याकडं बघत राहिला. ग्लेनिसचं तोंड उतरलं. क्लिफ असताना तिच्या हातून असं एकदाही झालं नव्हतं.

पण त्या दिवसापासून तिचं पळणं खरं पळणं झालं. लॉकला पोचली की झडपेला हात न लावता पुढच्या वळणापर्यंत पळायची, डोळ्यावर हात धरून बघायची, कुणी नाही अशी खात्री झाली की परत पळत येऊन मग लॉक तयार करायची. म्हणजे प्रत्येक लॉकला दुप्पट वाट. वाटेत बोट बांधलेली दिसली, कुणी किटली उचलून दाखवली, तर तिथूनच ओरडायची, "लॉक बघायला चालले." यावर कुणाला राग येत नाही. लॉक बघायला चाललेल्या माणसाला आमच्यात कुणी चहाला अडवत नाही. असा तिला न मागता परवाना मिळाला. मे महिन्यात क्लिफचा सदरा तिच्या अंगावर वाऱ्यानं फडफडायला लागला आणि बोटीच्या दारातून ती सरळ बाहेर यायला लागली.

ठरल्याप्रमाणे जूनमधल्या एका शुक्रवारी बेव्ह रजा काढून ऑडलेमला आली. चांगले बूट घालून आली, म्हणजे मदत करायचा विचार नव्हताच. बोटीच्या पुढच्या टोकाला हाताची घडी घालून बसली. आम्ही एक लॉक मागं होतो. ऑड्री सुकाणूवर, मी काठानं चालत. त्यामुळं त्या दोघींचं बोलणं मला ऐकू येत होतं. न ऐकायचा प्रयत्न मी फारसा केला नाही.

ग्लेनिस बोट आत घेई, शिडी चढे, दार लावी, झडपा उघडी, आणि पाणी भरेपर्यंत पुढच्या वळणावर जाऊन बघून येई. घाई नाही. खालची लॉकं मागं पडली. तो निळ्या ओठांचा दांडा आला आणि मागं गेला. ती त्याच्याकडं बघायला थांबलीसुद्धा नाही.

त्यानंतरच्या एका लॉकपाशी ती पुढं पळाली आणि परत आली ती हँडल कमरेला खोचूनच. लॉक भरलेलं होतं, वरून येणाऱ्यासाठी तयार.

"येतीया एक बोट," ती म्हणाली.

बेव्ह उठून उभी राहिली. "कुठंय? मला तर काही दिसत नाही."

"वळणापल्याड. भाड्याची हाय. नवी माणसं दिसत्यात. आडवी झालीया बोट, काठीनं ढकलत बसल्यात."

"मग त्यांना अजून किती वेळ लागेल! तू रिकामं कर आणि वर ये. तोपर्यंत पुन्हा भरेल की ते."

"त्यांचं हाय लॉक."

"आई, त्यांना कळणारसुद्धा नाही."

"मला कळंल."

ग्लेनिसनं बोट काठाला बांधली. थोडा वेळ उभी राहिली. वळणापलीकडून एक बाई नवऱ्याला उजवी-डावी शिकवत असल्याचा आवाज येत होता, आणि तो काही जवळ येत नव्हता. शेवटी ग्लेनिस दाराच्या दांड्यापाशी गेली आणि बसली.

मी हातातलं हँडल जमिनीवर ठेवलं.

"आई, तू बसलीस," बेव्ह म्हणाली.

"व्हय."

"आपलं काय ठरलं होतं?"

"ठाऊक हाय मला काय ठरलंवतं. आता वाट बघायची तर काय नाचत बघू? बसले म्हंजी बसले. त्यांचं पाणी पळवून मला न्हाई राह्यचं बोटीवर."

बेव्ह बोटीवरून उतरली. चांगल्या बुटांना चिखल लागला. आईशेजारी दांड्यावर बसली. मग बेव्हनं आईच्या पाठीवर हात ठेवला, सपाट, तापाच्या पोराच्या पाठीवर ठेवावा तसा.

"काय करतीस?"

"ऐकतेय."

"काय ऐकतीस?"

"धाप. काहीच ऐकू येत नाहीये."

"मग सोड की. घाम हाय पाठीला."

बेव्हनं हात तसाच ठेवला.

भाड्याची बोट एकदाची आली. सुकाणूवरचा माणूस लाल झाला होता. "आमच्यासाठी थांबलात तुम्ही?" त्यानं विचारलं. ग्लेनिस म्हणाली, "इंजिन हळू कर आन् आत ये, लई बोलू नगंस." ती त्यांना खाली उतरवून मोकळी झाली, मग आपली बोट वर घेतली, आणि पुढची सगळी लॉकं आधीसारखीच चढली. बेव्ह बोटीवर परत गेली नाही. काठानं तिच्या मागून चालत राहिली. वळणापर्यंत ग्लेनिस पळाली की तीही थोडी पळायची, आणि बूट घसरला की चालायची.

सगळ्यात वरच्या लॉकमध्ये पाणी भरत असताना बेव्ह थोडी बाजूला जाऊन फोनवर बोलायला लागली. मी मागून पोचलो होतो. "ट्रँटर," ती सांगत होती. "तळमजल्याचा. हो. दुसऱ्या कुणाला द्या." पलीकडचं माणूस कारण विचारत असावं. बेव्ह म्हणाली, "तिला नकोय. आणि मलाही तसं काही कारण दिसत नाही."

ग्लेनिसला यातलं काही ऐकू गेलं नाही. ती बोट वर काढत होती आणि इंजिनाचा आवाज होता.

बेव्ह तिच्याजवळ जाऊन ओरडली, "फ्लॅट सोडला मी."

"काय?"

"फ्लॅट. सोडला. पण रोज संध्याकाळी मला फोन करायचास. आणि थंडीत लॉकच्या दारावर चढायचं तर तरंगायचं जाकीट घालून."

ग्लेनिसनं इंजिनाचा आवाज कमी केला. लेकीकडं बघितलं.

"बर्फ पडलं तरच घालीन."

"दव पडलं तरी."

"बरं," ग्लेनिस म्हणाली. "आता तिथं उभी हायस तर ते दार लाव. ही मागची माणसं खोळंबल्यात."

बेव्हनं दांड्याला पाठ लावली आणि पाय रोवून ढकलायला लागली. दार जड असतं. पहिल्यांदा ते हललं नाही.