गाझियाबादचं मागचं गेट आणि उमेदवार मेधाताई

डिसेंबरात दिल्लीला जायचं ठरवलं ते हुमायूनच्या कबरीसाठी. पुण्याहून विमान, पुढे मेट्रो आणि गाझियाबादला मोठ्या बहिणीकडे, मेधाताईकडे मुक्काम. तुम्हीही विमानतळावरून मेट्रोच घ्या. टॅक्सीपेक्षा कितीतरी स्वस्त पडते आणि धुक्यात अडकत नाही.

स्टेशनातून बाहेर पडलं की ताईची सोसायटी समोरच दिसते. मी खुशीत बॅग ओढत मागच्या गेटशी पोचले, तर भलंमोठं कुलूप. "मॅडम, आगे से घूम के आइए," आतून गार्ड म्हणाला. हे 'आगे' म्हणजे ट्रकांच्या रस्त्याच्या कडेनं, एकही दिवा नसलेली लांबलचक पायपीट. घरी पोचेपर्यंत बॅगेचं एक चाक वाटेत राहिलं होतं.

"मी रोज ऑफिसमधून अशीच येते," भाची सानिका म्हणाली. "परवा एक बाइकवाला पूर्ण रस्ता मागे मागे आला. म्हणून आईला सोसायटीच्या इलेक्शनमध्ये प्रेसिडेंटसाठी उभं केलंय. फ्लॅट तिच्या नावावर आहे आणि ओनरच उभा राहू शकतो. संडेला वोटिंग. तू एकदम राइट टाइमवर आलीस, यार!"

"वा, उमेदवार मेधाताई!"

"उमेदवार म्हणजे?" दिल्लीत वाढलेल्या भाचीनं विचारलं. मी अर्थ सांगितला. "अच्छा, जिला उम्मीद असते ती!"

"मला अजिबात नाहीये," मटार सोलणारी ताई मान वर न करता म्हणाली. भाजीवाल्याकडे फुकटची कोथिंबीरसुद्धा न मागणारी ही बाई!

हुमायूनला थांबायला सांगून मी दोघींबरोबर प्रचाराला लागले. वरच्या मजल्यापासून सुरुवात करून जिन्यानं खाली उतरत यायचं, ही सानिकाची पद्धत गुडघ्यांना बरी पडते. प्रचाराला जाणाऱ्यांना माझा सल्ला एकच: उपाशी निघा. एका घरी गाजराचा हलवा, दुसऱ्या घरी मुळ्याचे पराठे, तिसऱ्या घरी आलं घातलेला चहा. "हम तो कभी वोट देने जाते ही नहीं," एक आजी म्हणाल्या. "इस बार आइए ना, आंटी," असं म्हणत सानिकानं त्यांच्या ताटलीतली कचोरी उचलली. आजी खूश! दोन मजले खाली आल्यावर ताईही बोलायला लागली. आधी नुसतं "नमस्ते", मग "गेट का जरा देखिए ना".

रविवारी क्लब हाऊसमध्ये सभा. ताईच्या विरोधात उभे जुने अध्यक्ष चड्ढाजी. त्यांनी ठणकावलं, "पीछे का गेट खुला तो चोर आएँगे!"

ताई उठली. हातातला रुमाल पिळून पिळून दोरी झालेला. "चड्ढाजी, पिछले साल स्कूटर चोरी हुआ," तिचं हिंदी तिच्यासारखंच घाबरलेलं, "वो कौन से गेट से गया?"

"मेन गेट से!" मागून कुणीतरी ओरडलं आणि सगळं क्लब हाऊस हसलं. चड्ढाजीही हसले, जरा उशिरा.

ताई हरली. पण थोडक्यात. इतक्या थोडक्यात, की चड्ढाजींनी तिथेच जाहीर केलं: उद्यापासून संध्याकाळी मागचं गेट उघडं, एक गार्ड जास्त. "मेरा तो पहले से यही विचार था."

सानिका भडकली. "आई, आपला पॉइंट चोरला त्यांनी!"

"गेट उघडतंय ना? मग त्यांना मिरवू दे," ताई म्हणाली. आणि लगेच, "पुढच्या वेळी मात्र हिंदी जरा सुधारायला हवं."

हुमायूनची कबर शेवटच्या दिवशी धावतपळत पाहिली. सुंदर आहे, नक्की बघा. पण पुण्याच्या विमानात बसल्यावर आठवत होता तो ताईचा उभं राहतानाचा चेहरा.

घरी आले तर आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेची नोटीस लागलेली. एरवी मी लिफ्टची वाट बघताना ती वाचते आणि विसरते. या वेळी गेले. खुर्च्या भरपूर, माणसं मोजकी. पाण्याची टाकी शेवटची कधी धुतली, असं मी विचारलं. सेक्रेटरींनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. बहुतेक त्यांना आजवर कुणी काही विचारलंच नसावं. मग प्रसन्न हसून म्हणाले, "वहिनी, टाकीचं आता तुम्हीच बघा!"

आज सकाळी वर जाऊन टाकीत डोकावले. हे काम कुणीतरी फार आधीच करायला हवं होतं.