माझ्या नावाखाली गेलेली ओळ

आमचं नवं धानाच्या रोवणीचं गाणं आज रेडिओवर वाजलं. दुपारपासून तुमचे अभिनंदनाचे मेसेज येऊन राहिले, पण मला कोणालाच उत्तर द्यावंसं वाटत नाही.

रोवणीचं गाणं एक बाई उचलते, मग बाकीच्या तिच्या मागे गातात. आमच्या गाण्यात पहिली ओळ मुर्री गावच्या सरजामावशीची आहे. वाद्य नाही, फक्त तिचा आवाज. पूर्ण गाण्यात ती एकटी तेवढीच गाते.

मागच्या आठवड्यात गाणं द्यायला स्टेशनवर गेलो, तेव्हा निवेदिकेला हसत हसत म्हटलं, "मॅडम, संगीतकार का नाम भी ले लेना." संगीतकार म्हणजे मीच.

आज गाणं ऐकायला मी मावशीकडे गेलो, तिच्या अंगणात शेजारच्या बाया जमल्या होत्या. मावशीने रेडिओ मोठा केला. गाणं सुरू झालं आणि निवेदिका त्यावरच बोलू लागली. एरवी गाण्यांच्या सुरुवातीला नुसतं म्युझिक असतं, म्हणून त्यावर बोलायची त्यांची रीतच आहे. तिने माझं नाव घेतलं, माझं कौतुक केलं. ती थांबली तेव्हा गाण्यातल्या बाकीच्या बाया गात होत्या.

शेजारणीने विचारलं, "तुहा आवाज कवा येते वं?"

गाणं संपल्यावर मावशी मला म्हणाली, "तुह्यं नाव बेस आलं बाबू. चाय घेशीन ना?"

पहिल्या ओळीवर बोलू नका, एवढंच मॅडमला सांगायचं होतं. मी माझं नाव सांगून आलो.

मेसेज करणाऱ्यांनो, तुमच्यापैकी एकाला तरी मावशी ऐकू आली का?