शेलोमीत आत्या मागे हटली नाही

माझी आत्या शेलोमीत बाबेलात आली तेव्हा तिचे दुधाचे दात पडत होते. बाबेलच्या सैन्याने आमचं यरुशलेम जाळलं आणि आमच्या लोकांना धरून नेलं, ते तिने पाहिलं होतं. वाटेत तिची आई वारली, तीही तिच्या डोळ्यांदेखत. माझे वडील पलट्या तेव्हा तान्हे होते. त्यांना कडेवर घेऊन ती चालली. पुढे तिचं लग्न झालं, पण कालवा खणताना दरड कोसळली आणि नवरा खाली सापडला. मूलबाळ नव्हतं. खबार कालव्याच्या काठी आमच्या वस्तीत ती लव्हाळ्याच्या चटया विणायची आणि देवाशी भांडायची.

भांडायची म्हणजे खरोखर. विणता विणता म्हणायची, "मिसरातल्या गुलामीतून वाडवडिलांना सोडवताना तुझा हात चांगला चालला. आता काय झालं, लुळा पडला का?"

माझी आई कानांवर हात ठेवायची. वडील म्हणायचे, "ताई, देवाला असं बोलतात का?"

"मग कुणाला बोलू? ज्याने एकदा सोडवलं त्यालाच जाब विचारणार ना. इथल्या मार्दुक देवाला विचारू? त्याला तर सणाला लोकांनी खांद्यावर घेतल्याशिवाय देवळाबाहेरही पडता येत नाही."

मिसरातून सुटल्याच्या आठवणीचा सण म्हणजे वल्हांडण. त्या संध्याकाळी वस्तीतली पोरं तिच्या अंगणात जमायची. समुद्र दुभंगून वाडवडिलांना वाट मिळाल्याची गोष्ट ती अशी सांगायची की जणू स्वतः त्या चिखलातून आली होती. कुणाच्या डोक्यावर कणकेची परात, कुणाचं कोकरू पाण्याच्या भिंतीला बुजलेलं, मागून मिसरचा राजा फारो याच्या रथांचा खडखडाट, आणि शेवटी ते रथ पाण्याखाली.

मी लग्नाच्या वयाची झाले त्या सुमारास वस्तीत एक संदेष्टा येऊ लागला. किडकिडीत माणूस, पण आवाज खणखणीत. शब्बाथाला, म्हणजे आठवड्याच्या विसाव्याच्या दिवशी, खजुरीखाली माणसं जमली की तो बोलायचा. म्हणायचा, ज्याने समुद्रातून वाट काढली तो आता वाळवंटातून वाट काढणार, आपण घरी जाणार. लोक ऐकायचे आणि खाली मान घालून परतायचे. एकदा तो म्हणाला, "त्या जुन्या समुद्राच्या गोष्टी आता पुरे. तो नवं काहीतरी करतो आहे, तिकडे बघा."

आत्या उठून उभी राहिली. "थांब रे बाबा. जुनं विसरा म्हणतोस, मग नव्यावर विश्वास कशाच्या जोरावर ठेवू? तुझ्या तोंडाकडे बघून?"

माणसं हसली. संदेष्टा मात्र हसला नाही. म्हणाला, "आत्याबाई, विसरू नका. पण ती गोष्ट संपली असंही समजू नका. तुम्ही ती मेलेल्या माणसाची आठवण काढावी तशी सांगता."

आत्या खाली बसली. घरी आल्यावर मला म्हणाली, "खरं बोलला मेला."

पुढच्याच आठवड्यात कालव्याचा मुकादम बेल-इद्दिन याची माणसं आली आणि संदेष्ट्याला घेऊन गेली. घरी जायची भाषा म्हणजे बंडाची भाषा, असं त्याचं म्हणणं. तो माणूस आम्हाला पुन्हा दिसला नाही. त्या शब्बाथाला वस्तीतली सगळी दारं बंद होती.

आत्या एकटी खजुरीखाली गेली. चटई अंथरली, बसली, आणि संदेष्टा जे सांगायचा ते मोठ्याने सांगू लागली. समोर ऐकायला फक्त कालवा. मी दाराच्या फटीतून बघत होते. बेल-इद्दिन स्वतः आला.

"म्हातारे, कुठे जायचं म्हणतेस तू?"

"घरी."

"आणि तुला सोडणार कोण?"

"फारोही हेच विचारत होता," आत्या म्हणाली. "त्याचं पुढे काय झालं ते बसून ऐकणार असलास तर सांगते."

त्याने तिला लव्हाळं कापायला बंदी केली आणि कालव्यातला गाळ उपसायला पुरुषांच्या रांगेत उभं केलं. तिच्या हातांना भेगा पडल्या, पाठ वाकली. पण पुढच्या शब्बाथाला ती पुन्हा खजुरीखाली. त्या दिवशी माझे वडील घरातून उठले आणि तिच्या शेजारी जाऊन बसले. मग आईने मला हाताला धरून नेलं. मग एकेक दार उघडू लागलं. सगळ्या वस्तीला गाळात उभं केलं तर पेरणी कोण करणार, हे बेल-इद्दिनला कळत होतं. तो लांबून बघायचा आणि निघून जायचा.

मग पारसाच्या राजाने बाबेल घेतलं. ज्यांना परत जायचं त्यांनी जावं, अशी दवंडी फिरली. आणि इतकी वर्षं रडणाऱ्यांतले निम्मे लोक जागचे हलेनात. वडीलही.

"ताई, माझी बाग आहे इथे. मला यरुशलेम आठवतही नाही."

"सुटका झाल्यावरही मिसरातल्या काकड्या-कांद्यांसाठी रडणारे तेव्हाही होते," आत्या म्हणाली. मग त्यांच्या डोक्यावरून हात फिरवला. "तुला कडेवर आणलं, पण आता कडेवर नेता येत नाही रे."

मी आणि माझा नवरा तिच्याबरोबर निघालो. वाटेत ना समुद्र दुभंगला, ना वाडवडिलांना वाट दाखवणारा ढगाचा खांब दिसला. धूळ होती, खारं पाणी होतं. आमचं गाढव मेलं तेव्हा नवरा चिडून म्हणाला, "आत्या, कुठे गेला तुमचा चमत्कार?"

"बेल-इद्दिन आडवा आला का? नाही ना. मग चाल पुढे."

यरुशलेम म्हणजे काटेरी झुडपं आणि काळे पडलेले दगड. म्हातारी माणसं हंबरडा फोडत होती. आत्याला आपलं घर कुठे होतं तेही ओळखता आलं नाही. ती बराच वेळ एका दगडावर बसून राहिली. आता हिचा धीर सुटणार, असं मला वाटलं. शेवटी ती वर बघून म्हणाली, "आणलंस, मान्य. पण अर्ध्यावर सोडायची तुझी रीत नाही. आमच्या वाडवडिलांना वाळवंटात टाकून गेला नव्हतास. मी इथेच बसले आहे." आणि मला म्हणाली, "झाडू आण."

पडक्या भिंतीला टेकून आम्ही झोपडी घातली. तिथे ती काही वर्षं जगली आणि जवाच्या कापणीच्या दिवसांत वारली. शहराच्या भिंती अजून उभ्या नाहीत. शेजारच्या गावचे लोक येता-जाता हसतात, म्हणतात, तुमच्या देवाला दगड उचलवत नाहीत वाटतं.

मी त्यांना बसायला सांगते आणि समुद्राची गोष्ट सुरू करते.