नीट हलणारी जमीन

आमच्या आईच्या दोन मुलींत आवाज सगळा माझ्या वाट्याला आला. मी बाजारात कांदे-बटाटे विकते आणि माझी आरोळी पलीकडच्या गल्लीपर्यंत जाते. धाकटीचे कान मात्र लहानपणी तापात गेले ते गेलेच. लोक मला तिच्या तोंडावर विचारतात, "हिचं कसं हो होतं?" जणू ती माणूस नव्हे, कोपऱ्यात ठेवलेलं कपाट. तिला ओठ वाचता येतात, आणि असल्या लोकांचे तर फारच चांगले वाचता येतात. ती गोड हसते आणि त्यांच्या चहात साखर घालायला विसरते.

धाकटी छापखान्यात काम करते. वरच्या मजल्यावर लाकडी जमीन आहे, तिथं छापलेल्या कागदाच्या घड्या घालणारं यंत्र चालतं आणि त्याच्यापाशी ती अनवाणी उभी असते. यंत्र रुसणार असलं की तिच्या तळपायांना आधी कळतं. कागद अडकायच्या आतच तिचा हात बटणावर गेलेला असतो. तिला कामावर घ्यायला जो फोरमन नाकं मुरडत होता, तोच आता तिनं रजा मागितली की तोंड पाडून बसतो. मला त्याची अजिबात दया येत नाही.

तिचा नवरा चष्म्याच्या दुकानात काचा बसवतो. सज्जन माणूस, पण स्वतःच्या आईपुढं त्याची बोबडी वळते. त्यांना मुलगी झाली, ती रांगायला लागल्यापासून एका जागी ठरेना, म्हणून तिचं नाव पडलं भिंगरी. भिंगरीला पाय फुटले आणि एका दुपारी उघड्या दारातून ती जिन्यापर्यंत गेली. खालच्या मजल्यावरच्या शिंपिणीनं तिला उचलून वर आणलं तेव्हा धाकटी भांडी घासत होती, तिला काही पत्ताच नव्हता. पोरीला खरचटलंसुद्धा नव्हतं. पण धाकटीच्या सासूबाई दुसऱ्याच दिवशी हजर झाल्या. "थोडे दिवस माझ्याकडे राहू दे," म्हणाल्या आणि पोरीला शहराच्या दुसऱ्या टोकाला घेऊन गेल्या.

थोड्या दिवसांची दोन वर्षं झाली. धाकटी दर रविवारी लेकीला भेटायला जायची, पाहुण्यासारखी, हातात खाऊची पिशवी घेऊन. परत येताना ती माझ्याकडे थांबायची आणि माझ्या ओट्याशी उभी राहून रडायची. तिच्या रडण्याला आवाज असतो, हे लोकांना ठाऊक नाही. मला ठाऊक आहे.

मग तिला दुसऱ्यांदा दिवस गेले. सासूबाईंनी बाळाचं दुपटं शिवायला घेतलं ते बाळाला आपल्याच घरी ठेवायच्या बेतानं. "त्याला काय, दोघांनाही सांभाळीन मी," त्या म्हणाल्या. त्या दुष्ट नव्हत्या, हे मी शपथेवर सांगते. त्या घाबरलेल्या होत्या, आणि घाबरलेल्या माणसाशी भांडणं दुष्टाशी भांडण्यापेक्षा अवघड असतं. शिव्या देता येत नाहीत.

धाकटी सगळं बोलणं डोळ्यांनी ऐकत होती. तिनं ताट बाजूला सरकवलं आणि हातांनी सांगितलं. तिच्या हातांची भाषा घरात मला सगळ्यांत चांगली कळते, म्हणून मी मोठ्यानं बोलून दाखवलं, "दोन्ही मुलं माझ्या घरी राहतील. घर कसं पाहिजे ते सांगा, तसं करते."

"दार उघडलं की तुला कळलं पाहिजे," सासूबाई म्हणाल्या. "जागी असताना आणि झोपलेली असतानाही. मी भिंगरीला घेऊन राहायला येते. माझी खात्री पटली तर एकटी परत जाईन."

आता झाली पंचाईत. आमचे मेहुणे कामाला लागले. माणसाला काही सुचेनासं झालं की तो वस्तू विकत घ्यायला निघतो. त्यांनी घराच्या सुरक्षेची यंत्रं विकणाऱ्या एका टायवाल्या पोराला बोलावलं. त्यानं टेबलावर डबे मांडले आणि दाराला एक डबी चिकटवली. "मॅडम, आता फक्त बघा!" असं म्हणून त्यानं दार उघडलं, आणि जो भोंगा वाजला तो काही विचारू नका. माझ्या हातातली बशी पडली. वरचे शेजारी टॉवेलवर धावत आले, खालची शिंपीण कात्री घेऊन आली, रस्त्यावरची कुत्री एका सुरात रडायला लागली. आणि ज्या बाईसाठी हा सगळा खटाटोप, ती खिडकीशी शांतपणे शेंगा सोलत बसली होती. एवढी माणसं एकदम घरात का आली म्हणून तिनं नवल केलं आणि सगळ्यांसाठी चहाचं आधण ठेवलं.

पोरगा ओशाळला, पण चिकट. म्हणाला, मग कॅमेरा घ्या, दारात कोण आहे ते मोबाइलवर दिसतं. धाकटीनं कॅमेरा नीट हाताळून पाहिला आणि मला खूण केली. मी सांगितलं, "ती विचारतेय, मी दिवसभर मोबाइलकडे बघत बसले तर मुलाकडे कोण बघणार?" त्यानं कॅमेरा परत डब्यात भरला. बिचाऱ्यानं चहा मात्र दोन कप घेतला.

काही गोष्टी तिनं झटपट निवडल्या. घंटी दाबली की प्रत्येक खोलीत दिवा लुकलुकेल अशी सोय, गॅलरीला जाळी, दाराला वर, मोठ्यांचाच हात पुरेल तिथं दुसरी कडी. पण दिवा डोळे उघडे असतील तर दिसणार, आणि कडी लावायला माणसाला आठवण हवी. घोडं अडलं ते झोपेपाशी. जागेपणाचं सगळं जमलं होतं. डोळे मिटल्यावर तिला घर सांगणार कोण?

एक दिवस ती छापखान्यातून आली ती चपला हातात घेऊनच. मला ओढत दारापाशी नेलं. फरशीवर टाच आपटून दाखवली, नाक मुरडलं. मग हातांनी सांगितलं: दारापासून माझ्या पलंगापर्यंत लाकडाची जमीन पाहिजे. छापखान्यात आहे तशी, खाली पोकळी सोडलेली, हलणारी.

"हलणारी?" सुतारकाका म्हणाले.

हे सुतारकाका म्हणजे आमच्या भागातलं मोठं प्रस्थ. त्यांनी केलेला पाट तीन पिढ्या डुगडुगत नाही अशी ख्याती. मी त्यांना पुन्हा सांगितलं, आडवे वासे लांब लांब ठेवा, फळ्या सैल बसवा, पाय पडला की थरथरल्या पाहिजेत. त्यांनी कानामागची पेन्सिल काढली आणि परत खोचली. "पोरी, माझी सगळी हयात न हलणारं काम करण्यात गेली. उद्या लोक म्हणतील, म्हातारा चळला."

"लोकांना मी बघून घेते," मी म्हणाले. माझा गळा त्यांनी बाजारात ऐकला होता, त्यामुळे काम सुरू झालं.

जमीन देखणी झाली. शेवटची फळी बसली तेव्हा मी टाळ्या वाजवल्या. धाकटी अनवाणी तिच्यावर चढली, दारापासून पलंगापर्यंत गेली, आणि तिचा चेहराच उतरला. मी जोरात पाय आपटला. तिनं मान हलवली. नाही. तिनं खाली वाकून फटीत बोटं घातली, तर आत प्रत्येक वाशापाशी पाचर ठोकलेली! सुतारकाका जमिनीकडे बघत उभे राहिले. "नाही राहवलं," ते म्हणाले. "हललं की मला झोप येत नाही."

सासूबाईंचं येणं दोन दिवसांवर आलं होतं. माझ्या जिभेवर जे आलं ते छापण्यासारखं नाही, आणि धाकटी छापखान्यात असली तरी तिनंही ते छापलं नसतं. मी तोंड उघडलंच होतं, पण धाकटीनं मला हातानं थोपवलं. सात महिन्यांचं पोट सांभाळत ती खाली बसली, हातोडी घेतली आणि दोन वाशांवरच्या पाचरी स्वतः काढल्या. मग कापसाचे बोळे करून सुतारकाकांच्या कानात घातले, त्यांना त्या फळ्यांवर उताणं झोपवलं आणि डोळ्यांवर त्यांचाच गमछा टाकला. एवढा मोठा कारागीर, पण मुकाट्यानं पडून राहिला. ती दारापाशी गेली आणि चालू लागली. अगदी हलक्या पावलांनी, मूल चालतं तशी.

सुतारकाकांनी हात वर केला. ती थांबली. हात खाली आला. ती चालली, हात पुन्हा वर.

ते उठून बसले, बोळे काढले, आणि बराच वेळ तळहातानं फळी कुरवाळत राहिले. "पाठीत कळतं गं," मला म्हणाले. मग एकदम उठले आणि ओरडले, "सगळं उचला! हे असलं अर्धवट हलणं कामाचं नाही. हलायचं तर नीट हलू दे!" त्यांनी जमीन पहिल्यापासून केली. दारापासून थेट पलंगाच्या पायांखालपर्यंत सलग लांब फळ्या, मधे कुठं सांधा नाही, पलंगाचे पाय त्याच फळ्यांवर टेकवलेले. दाराजवळची थरथर वेगळी, स्वयंपाकघराजवळची वेगळी, एवढा बारकावा त्यांनी त्यात उतरवला. गेले तेव्हा त्यांना घाम फुटला होता आणि ते नव्या नवरदेवासारखे खूश दिसत होते.

सासूबाई आल्या, जमिनीवर पाय ठेवला आणि म्हणाल्या, "अगं बाई, हे पडेल की काय!" भिंगरीला मात्र ती फारच आवडली. ती दिवसभर नाचली. आईकडे मात्र ती जरा परक्यासारखीच बघायची. भूक लागली की आजी, पडलं की आजी. धाकटी सगळं पाहायची आणि पोरीचे केस विंचरायची, जेवढे ती विंचरू देईल तेवढे.

आणि मग ती दुपार आली. धाकटी भिंगरीला कुशीत घेऊन आतल्या पलंगावर झोपली होती. आम्ही तिघं स्वयंपाकघरात. मिक्सर चालू, नळ चालू, आणि माझं तोंड चालू, म्हणजे तीन यंत्रं. सासूबाई मला समजावत होत्या, "माझं ऐक, तिला त्रासच होईल गं. मी असताना कशाला जिवाला घोर?" मी त्यांना उत्तर देत होते. मेहुणे दोघींच्या मधे कांदा चिरत होते आणि कांद्याच्या नावाखाली डोळे पुसत होते.

मिक्सर थांबला. मी हात पुसायला बाहेर आले तर घराचं दार सताड उघडं. वरची कडी लावलेलीच नव्हती. पलंग रिकामा. "भिंगरी!" मी अशी ओरडले की मागून दोघं धावत आले. आम्ही सहा चांगले कान घेऊन दाराबाहेर धावलो.

जिन्याच्या पहिल्याच पायरीशी धाकटी बसली होती. केस विस्कटलेले, पदर खांद्यावरून घसरलेला, डोळ्यांत अजून झोप. आणि तिच्या मांडीवर भिंगरी, हातात एक चप्पल घेऊन, खाली मांजर आहे ते आईला दाखवत. धाकटीनं आमच्याकडे पाहिलं. आम्ही असे भूत पाहिल्यासारखे का उभे आहोत, हेच तिला कळेना.

आयुष्यात पहिल्यांदा मेहुणे आईशी वर मान करून बोलले, "आई, आपण तिघं जागे होतो. ती झोपली होती."

सासूबाईंनी उघड्या दाराच्या कडीकडे पाहिलं. "कडी मीच लावली नाही," त्या म्हणाल्या. "कचरा ठेवून आले आणि विसरले." कुणी त्यांना विचारलंही नव्हतं. मग त्या सुनेपुढं गेल्या, तिला ओठ नीट दिसावेत म्हणून खाली वाकल्या आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "तुला कळलं. आम्हाला नाही." मला एवढा आनंद झाला की मी भिंतीला टेकून मोठ्यानं रडले. बघायला शेजारी पुन्हा आले, टॉवेलवालेसुद्धा.

सासूबाई त्यानंतरही ठरलेले दिवस राहिल्या. जायच्या दिवशी सकाळी त्यांनी आपली बॅग भरली. भिंगरीचे कपडे बॅगेत अजून होते. सवयच तशी. ते काढावेत की नाही, अशा विचारात त्या बॅगेशी बसल्या होत्या आणि मी मुद्दाम दुसरीकडे बघत होते. भिंगरी फ्रॉक उलटा घालून खोलीच्या मधोमध उभी होती, डोकं बाहीत अडकलेलं.

"ये, मी काढते," सासूबाई हात पुढं करून म्हणाल्या.

भिंगरीनं अडकल्या डोक्यानंच मान हलवली. मग तिनं उजवी टाच उचलली आणि फळीवर आपटली. एकदा, दोनदा. आणि वाट बघत उभी राहिली. हे तिला कुणीही शिकवलं नव्हतं, मी देवाशपथ सांगते.

स्वयंपाकघरातून धाकटी आली, पिठाचे हात तसेच घेऊन, लगबगीनं. "आले, आले," एरवी क्वचितच निघणाऱ्या तिच्या त्या जाड आवाजात ती म्हणाली आणि लेकीपुढं गुडघ्यांवर बसली.

सासूबाईंनी बॅगेतून एकेक फ्रॉक बाहेर काढला आणि घडी करून कपाटात ठेवायला सुरुवात केली. माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "पाहिलंस? आईला हाक मारली तिनं."